कुळथातलं लोह रक्तापर्यंत पोचतं कसं?

कुळथाच्या पाण्याने मुतखडा विरघळतो, असे संदेश मोबाइलवर सतत फिरतात. या एका दाव्यापायी लोक कुळीथ औषध म्हणून शोधतात आणि रोजच्या जेवणात मात्र त्याला विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

देशावर हुलगा म्हणतात तेच हे कडधान्य. कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतं. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, भरपूर कॅल्शियम आणि 7 मिलिग्रॅमच्या आसपास लोह. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात हे पीक दुर्लक्षित राहणं परवडणारं नाही.

पण दाण्यातलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. अंकुरासाठी लागणारा फॉस्फरस दाणा फायटेटच्या रूपात साठवतो. इनोसिटॉल या सहा कार्बनच्या कड्याला सहा फॉस्फेट जोडलेले असतात. त्यांच्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे लोह आणि जस्ताचे धन आयन त्यांना घट्ट चिकटतात. ही जोडी तोडणारं फायटेज हे विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात जवळजवळ नसतंच. दाण्यात मात्र ते असतं! कुळीथ भिजवून मोड आणले की फायटेज जागं होतं आणि एकेक फॉस्फेट कापत जातं. फॉस्फेट कमी झाले की पकड सैलावते, लोह सुटतं. शिवाय कोरड्या दाण्यात नसल्यासारखं असलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. ते लोहाच्या फेरिक रूपाचं फेरस रूप करतं आणि आतड्याच्या पेशी फेरस रूपच आत घेतात. शिजवताना हे जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, म्हणून उसळीवर लिंबू वरून पिळावं. जेवणाला लागून चहा नको, त्यातली टॅनिन लोहाला पुन्हा अडकवतात.

गंमत म्हणजे हेच फायटेट प्रयोगशाळेत कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ रोखतं. पण म्हणून मूत्रपिंडात तयार झालेला खडा काढ्याने विरघळतो, असं सिद्ध होत नाही. पाठीतून कळ येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

राहिली पिठी, म्हणजे कुळथाचं पीठ. त्यासाठी कुळीथ कोरडेच भाजतात. भाजताना उष्णतेने फायटेज निकामी होतं आणि फायटेट बरंचसं टिकतं. म्हणून मोड आणून, कडकडीत वाळवून मग भाजावेत आणि दळावेत.