व्हीए की एएच? इन्व्हर्टर घेताना होणारी गल्लत

इन्व्हर्टर दोन तासांतच बसतो, म्हणून ७०० व्हीएचा काढून ११०० व्हीएचा लावला; बॅटरी मात्र तीच ठेवली. ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत ही चूक होते आणि पैसे वाया जातात. व्हीए (व्होल्ट-अँपिअर) हा इन्व्हर्टरचा आकडा, एका वेळी किती लोड चालेल ते सांगणारा. लोड किती वेळ चालेल, हे ठरतं बॅटरीच्या एएचवर, म्हणजे अँपिअर-तासांवर; बॅटरीत किती वीज मावते त्याचा हा आकडा.

टू-बीएचकेचा हिशेब करून पाहा. ७५ वॉटचे तीन पंखे, २० वॉटच्या चार एलईडी ट्यूब, ८० वॉटचा टीव्ही, १५ वॉटचा राउटर: एकूण ४०० वॉट. वॉटचे व्हीए करायला ०.८ने (पॉवर फॅक्टरने) भागलं की ५०० व्हीए. थोडी मोकळीक ठेवून ७०० पुरतो, ९०० असला तर निर्धास्त. खोक्यावर वॉटचा आकडाही असतो, तो आधी वाचा. फ्रिज मात्र या लाइनवर ठेवू नका. चालताना तो दीडशे-दोनशे वॉटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट खेचतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन ट्रिप होतो. वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनकडून स्वयंपाकघरातला फ्रिजचा प्लग वेगळा करून घ्या. गीझर आणि एसीचा तर प्रश्नच नाही.

आता वेळ. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. बॅटरीच्या विजेचं घरच्या विजेत रूपांतर होताना साधारण २० टक्के जातात, उरतात १४४०. ४०० वॉटला कागदावर साडेतीन तासांहून थोडं जास्त. प्रत्यक्षात अडीच तास धरा. कारण बॅटरीवर लिहिलेले १५० एएच हे २० तासांत, म्हणजे साडेसात अँपिअरने, सावकाश रिकामी केली तरच मिळतात. आपला लोड चाळीसेक अँपिअर ओढतो. इतक्या जोराने उपसलेली बॅटरी पूर्ण देत नाही. तेच तीन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर लोड २६५वर येतो आणि तीच बॅटरी चार तासांच्या आसपास जाते. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असंच आम्ही सांगू.

महावितरणचा दुरुस्तीचा शटडाउन काही तासांचा असतो. तुमच्या भागात तो किती चालतो त्यावरून एएच ठरवा. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोलमडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली, तशा दिवशी नुसत्या व्हीएचा काडीचा उपयोग नसतो. टॉवरमध्ये लिफ्ट आणि पंप बहुतेक सोसायटीच्या जनरेटरवर असतात, ते आपल्या हिशेबात धरू नका.

एएच वाढवतानाही एक अडचण आहे. १५० एएचला साधारण १५ अँपिअर चार्जिंग लागतं. इन्व्हर्टरमधल्या १० अँपिअरच्या चार्जरवर २२० एएच लावली तर ती भरायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. मध्येच पुन्हा लाइट गेली की ती अर्धवटच राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि महागडी बॅटरी लवकर मरते. दोन बॅटऱ्या हव्या असतील तर २४ व्होल्टचा इन्व्हर्टरच घ्यावा लागतो, १२ व्होल्टवाल्याला दोन बॅटऱ्या जोडून भागत नाही.

बॅटरी बेडरूममध्ये ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवा खेळती हवी. बाल्कनीत ठेवलीत तर पावसाची झड लागणार नाही असा कोपरा बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली की कनेक्शन सोडवून गरम पाण्याने पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट लाल खुणेवर उतरला की फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही हिरव्या खुणेपर्यंतच. नळाचं किंवा आरओचं पाणी नको.