नॅसकारचे जुने चाहते: कंटाळलेले की विश्वास उडालेले?

२००३ साली मॅट केन्सेथ नॅसकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींचा वर्षाचा विजेता ठरला. अख्ख्या हंगामात त्याने शर्यत जिंकली होती एकच. त्याच वर्षी रायन न्यूमनने आठ शर्यती जिंकल्या आणि तो गुणतक्त्यात सहावा आला. केन्सेथ आठवड्यामागून आठवडे पहिल्या दहांत येत राहिला, गुण साठवत राहिला आणि शेवटची शर्यत शिल्लक असतानाच विजेतेपद त्याच्या खिशात होतं. नॅसकारच्या संस्थापकांचा नातू ब्रायन फ्रान्स याच सुमारास कारभाराच्या प्रमुखपदी आला होता. त्याच्या मंडळींनी निष्कर्ष काढला की लोकांना कंटाळा येतोय. पुढच्याच वर्षी विजेता ठरवण्याची पद्धत बदलली, आणि मग ती पुन्हा पुन्हा बदलतच गेली.

कंटाळा येणं आणि विश्वास उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: खुर्च्या रिकाम्या, टीव्ही बंद. दोन्हीतला चाहता विचारल्यावर एकच उत्तर देतो, ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ पण कारणं निराळी, उपायही निराळे, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांत नॅसकारचं जे नुकसान झालं त्यातलं बरंचसं या दोहोंची गल्लत केल्यामुळे झालं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची संघटना. १९४७ च्या डिसेंबरात बिल फ्रान्स यांनी फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक घेतली, तिथून ती सुरू झाली. सुरुवातीला शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्याच थोड्याफार फेरफाराने पळवत. बहुतेक ट्रॅक लंबगोल, वळणं डावीकडे, मैदानात चाळीसच्या आसपास गाड्या, आणि फेब्रुवारी ते नोव्हेंबर अशा छत्तीस गुणांच्या शर्यती. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट आणि त्याच्या आसपासचा परिसर हे या खेळाचं माहेरघर, बहुतेक संघांचे कारखाने तिथेच आहेत. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींची या खेळाशी ओळख शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळेच झालेली असते.

आता कंटाळ्याकडे पाहू. शर्यती नीरस झाल्या म्हणून जुने चाहते गेले, हे म्हणणं इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १९६५ साली डार्लिंग्टनच्या सदर्न ५०० मध्ये नेड जॅरेट जिंकला तो दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा चौदा फेऱ्या पुढे राहून. म्हणजे जवळपास १९ मैल! १९६७ मध्ये रिचर्ड पेटीने २७ शर्यती जिंकल्या, त्यातल्या सलग दहा. कोण जिंकणार हे शर्यतीआधीच बहुतेकांना ठाऊक असायचं. तरी लोक यायचे. आजच्या मापाने त्या शर्यती कंटाळवाण्याच होत्या, पण पेटी जिंकतो कारण पेटी आणि त्याची गाडी खरोखर सगळ्यांपेक्षा सरस आहे, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात किंतु नव्हता. तो एकतर पेटीचं कौतुक करायला यायचा किंवा आज तरी कोणी त्याला हरवेल या आशेने यायचा.

कंटाळलेला चाहता अर्धवट जातो. रविवारी दुपारी टीव्ही लावून डुलकी काढतो, शेवटच्या वीस फेऱ्यांना जागा होतो. डेटोना ५०० ही हंगामातली सगळ्यात मोठी शर्यत आली की पुन्हा बसतो. चुरशीचा शेवट झाला असं कानावर आलं तर रात्री त्याचा व्हिडिओ शोधून पाहतो. हा माणूस परत येऊ शकतो, त्याला फक्त चांगली शर्यत हवी असते.

विश्वास उडालेला चाहता असा वागत नाही. चुरशीचा शेवट झाला असं त्याला सांगा, तो विचारेल, ‘झाला, की घडवून आणला?’ शेवटच्या दहा फेऱ्यांत ट्रॅकवर कचरा पडल्याचं सांगून पिवळा झेंडा दाखवला जातो, सगळ्या गाड्या एकमेकींमागे गोळा होतात, आघाडीवरच्याने तीन तासांत कमावलेलं अंतर शून्य होतं, आणि कॅमेरा तो कचरा दाखवतच नाही. असं चार-पाचदा घडलं की माणूस शर्यतीकडे पाहायचं सोडून पंचांकडे पाहू लागतो. चुरस वाढली की याचा संशयही वाढतो. म्हणूनच कंटाळ्यावरचं औषध याला बाधतं.

२००४ पासून दिलेलं प्रत्येक औषध कंटाळ्यावरचं होतं. त्या वर्षी चेस आला: २६ शर्यतींनंतर आघाडीच्या दहा चालकांचे गुण जवळजवळ आणून ठेवायचे आणि उरलेल्या दहा शर्यतींत विजेता ठरवायचा. पहिल्याच वर्षी कर्ट बुश अवघ्या आठ गुणांनी जिंकला. चुरस हवी होती, ती मिळाली. पण जुन्या पद्धतीने हिशोब केला असता तर त्या वर्षीचा विजेता जेफ गॉर्डन होता. २००७ मध्ये तर तो साडेतीनशेच्या आसपास गुणांनी पुढे राहिला असता, तरी करंडक गेला जिमी जॉन्सनकडे. जॉन्सन २००६ ते २०१० असा सलग पाच वर्षं विजेता झाला. त्याच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नाही. पण घरोघरी लोक वहीत जुन्या पद्धतीचे गुण मांडून ‘खरा विजेता कोण’ हे शोधू लागले, तिथेच धोक्याची घंटा वाजायला हवी होती. जो चाहता स्वतःचा वेगळा गुणतक्ता ठेवतो तो कंटाळलेला नसतो. त्याला या खेळाची फार काळजी असते.

२०१४ साली पुढची पायरी गाठली. सोळा चालक, दर तीन शर्यतींनी चौघांना नारळ, आणि शेवटच्या एका शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे तो वर्षाचा विजेता. जिंकण्याला महत्त्व यावं, हा घोषित हेतू. त्याच पहिल्या वर्षी रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता अंतिम चौघांत पोहोचला आणि उपविजेता ठरला. २०१५ मध्ये काइल बुश पाय मोडल्यामुळे पहिल्या अकरा शर्यती खेळलाच नाही, तरी विजेता झाला. त्याच्या जिद्दीला सलाम, पण छत्तीसपैकी अकरा शर्यती चुकवणारा वर्षाचा विजेता हे जुन्या चाहत्याच्या पचनी पडलं नाही. २०२० मध्ये केव्हिन हार्विकने नऊ शर्यती जिंकल्या आणि तो अंतिम चौघांतही नव्हता. २०२४ मध्ये शार्लटच्या शर्यतीनंतर अॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरली, तो बाद ठरला, त्याच्या जागी आधीच बाहेर पडलेला जोई लोगानो आत आला आणि पुढे विजेता झाला.

प्रत्येक प्रसंग नियमांनुसारच घडला, कोणीही फसवणूक केली नाही. तरीही फेब्रुवारीत टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न रुजला: आजच्या शर्यतीचा नोव्हेंबरशी संबंध काय?

कंटाळ्यावरचा उपाय विश्वासाला कसा पोखरतो याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०१३ ची रिचमंडची शर्यत. चेसआधीची ती शेवटची शर्यत. सात फेऱ्या उरल्या असताना न्यूमन आघाडीवर होता, जिंकला असता तर चेसमध्ये पोहोचला असता. तेवढ्यात मायकेल वॉल्ट्रिप रेसिंगच्या क्लिंट बॉयरची गाडी गरकन फिरली. पिवळा झेंडा आला, न्यूमन पिट स्टॉपमध्ये (टायर-इंधनासाठीच्या थांब्यात) मागे पडला आणि शर्यत हरला. त्याच संघाच्या ब्रायन व्हिकर्सला कारण नसताना पिटमध्ये बोलावून घेतलं गेलं. परिणामी संघाचा तिसरा चालक मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर काठावरून चेसमध्ये शिरला. संघ आणि चालकांमधलं रेडिओवरचं बोलणं ऐकून नॅसकारने चौकशी केली, संघाला तीन लाख डॉलर दंड केला, ट्रूएक्सला बाहेर काढून न्यूमनला आत घेतलं. मग आणखी एका संघाच्या रेडिओवर जागा सोडण्याची देवाणघेवाण चालल्याचं दिसलं, तेव्हा बारा चालकांच्या त्या चेसमध्ये गॉर्डनला तेरावा म्हणून जागा देण्यात आली.

जुन्या पद्धतीत हे झालंच नसतं, कारण सव्विसाव्या शर्यतीत असा कडेलोट नव्हताच. तिथे गाडी मुद्दाम फिरवून कोणाला काही मिळालं नसतं. पद्धतीने मोह निर्माण केला, मोहातून लबाडी आली, आणि लबाडी निस्तरायला नॅसकारला स्वतःच्या हाताने यादी बदलावी लागली. त्या एका आठवड्यात ‘हे सगळं घडवून आणतात’ असं म्हणणाऱ्यांना आयुष्यभर पुरेल इतका पुरावा मिळाला.

ट्रॅकच्या बाबतीतही हीच गल्लत झाली. टेनेसीतल्या ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, काँक्रीटचा, भोवती तेव्हा दीड लाखाहून जास्त आसनं. १९८२ पासून सलग ५५ शर्यतींची सगळी तिकिटं खपली होती. ट्रॅकवर वेगाने धावायला वाट एकच, खालची, त्यामुळे पुढच्याला धक्का देऊन सरकवल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. २००७ मध्ये नवं काँक्रीट घालून वळणांचा उतार पायरीपायरीने वाढवला, त्यामुळे दोन-तीन गाड्या बाजूबाजूने धावू लागल्या. कागदावर शर्यत सुधारली, चालकही खूश होते. प्रेक्षक मात्र आटले. २०१० च्या मार्चमध्ये तिकिटं खपण्याची ती मालिका तुटली. त्याला मंदीचाही हातभार होता, हे मान्य करायला हवं. पण २०१२ च्या वसंतातल्या शर्यतीला रिकाम्या रांगा पाहून मालक ब्रूटन स्मिथ यांनी चाहत्यांचं मत विचारलं आणि वरची वाट घासून काढली. त्यांनी ओळखलं होतं की ब्रिस्टलच्या प्रेक्षकाला ओव्हरटेकची संख्या नको होती. पुढे जायचं तर किंमत मोजावी लागते, हे त्याला पाहायचं होतं.

नॉर्थ विल्क्सबरोचं दुःख थोडं निराळं. १९४९ च्या पहिल्या हंगामापासूनचा हा ट्रॅक १९९६ नंतर बंद झाला. त्याच्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरकडे गेल्या. २००४ मध्ये रॉकिंगहॅमचा ट्रॅकही गेला, लेबर डेच्या सुट्टीतली सदर्न ५०० ची पन्नास वर्षांची परंपराही मोडली आणि ती तारीख कॅलिफोर्नियाला मिळाली. ती डार्लिंग्टनला परत यायला २०१५ उजाडलं. ज्यांचे आजोबा त्या स्टँडमध्ये बसले होते त्यांना वाटलं, हा खेळ आता आपला राहिला नाही. यालाही कंटाळा म्हणत नाहीत.

बाकीची कारणं खोटी नाहीत. गॉर्डन, टोनी स्टुअर्ट, डेल अर्नहार्ट ज्युनियर २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत निवृत्त झाले आणि त्यांचे चाहतेही त्यांच्यासोबत उठून गेले. प्रक्षेपण चार-पाच ठिकाणी विभागलं, त्यातलं काही वेगळे पैसे भरून पाहावं लागतं. २००६ ची डेटोना ५०० सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिली होती, २०२५ ची ७० लाखांच्याही आतच राहिली. एवढी घसरण एकाच कारणाने होत नाही.

आणि खराखुरा कंटाळाही आहे. २०२२ मध्ये नवी नेक्स्ट जेन गाडी आली. तिचे बहुतेक सुटे भाग एकाच ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडून येतात, त्यामुळे सगळ्या गाड्या जवळपास सारख्या. मोठ्या ट्रॅकवर तिने उत्तम शर्यती दिल्या. लहान ट्रॅकवर मात्र चाकं रुंद, पकड जास्त, ताकद कमी, त्यामुळे मागची गाडी पुढचीला गाठते आणि तिथेच अडकते. मार्टिन्सव्हिलसारख्या ट्रॅकवर तासन्‌तास रांग चालल्यासारखं वाटतं. हा यंत्राचा प्रश्न आहे, त्याला यंत्राचंच उत्तर आहे. २०२६ पासून लहान ट्रॅकवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्ती करायचं ठरलं, ते योग्यच झालं. इथे विजेता ठरवायची पद्धत बदलून उपयोग नव्हता. तसं करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

२०१७ साली शर्यतीचे तीन टप्पे पाडले, तेव्हा जुने चाहते चिडले. टप्पा संपला की ठरलेला पिवळा झेंडा. मलाही तो खटकतो, शर्यतीची लय तुटते. पण माझ्या लेखी तो कचऱ्याच्या पिवळ्या झेंड्यापेक्षा बरा, कारण तो कधी येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. कंटाळा आला तरी चालेल, लपवाछपवी नको, असं मानणारे चाहते मी बरेच पाहिलेत.

२०२५ च्या नोव्हेंबरात फिनिक्सला शेवटची शर्यत झाली. डेनी हॅमलिन वीस वर्षं ज्या विजेतेपदाची वाट पाहत होता ते तीन फेऱ्यांवर आलं होतं, २०८ फेऱ्या तो आघाडीवर होता. विल्यम बायरनचा टायर फुटला, पिवळा झेंडा आला, पुन्हा सुरुवात झाली, आणि त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर नसलेला काइल लार्सन वर्षाचा विजेता झाला. लार्सन उत्तम चालक आहे, टायर खरोखर फुटला होता, झेंडाही खराच होता. याहून थरारक शेवट शोधून सापडणार नाही. त्यानंतर किती जुन्या चाहत्यांना आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटली!

काही आठवड्यांतच, जानेवारी २०२६ मध्ये, नॅसकारने बाद फेऱ्या आणि एका शर्यतीचा निकाल दोन्ही रद्द करून दहा शर्यतींचा चेस परत आणला. संपूर्ण छत्तीस शर्यतींचे गुण मोजा, असा आग्रह सगळ्यात मोठ्या आवाजात धरणाऱ्यांत जुने चालक मार्क मार्टिन होते. त्यांना अर्धंच मिळालं. हे तेच मार्टिन, जे १९९० मध्ये जुन्या पद्धतीत २६ गुणांनी विजेतेपद हुकले, तेही हंगामाच्या सुरुवातीला रिचमंडला कार्ब्युरेटरखालच्या एका भागावरून ४६ गुण कापले गेल्यामुळे. पाचदा उपविजेते, विजेते एकदाही नाहीत. ज्या पद्धतीने त्यांना कधीच करंडक दिला नाही, तीच ते परत मागत होते.