लिरोकोनाइट: एका खाणीपुरतं उरलेलं निळं

लिरोकोनाइट या निळ्या खनिजाच्या चांगल्या नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच पत्ता असतो: व्हील गोरलँड, सेंट डे, कॉर्नवॉल. (इथल्या 'व्हील'चा चाकाशी संबंध नाही. कॉर्निश भाषेत त्याचा अर्थ काम, म्हणजेच खाण.) हे खनिज इतरत्रही सापडलं आहे, पण किरकोळ. डोळ्यांत भरणारे आकाशी निळे स्फटिक मिळाले ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या या तांब्याच्या खाणीत, आणि तेही ठरावीक काळातच.

असं का, ते शिरेच्या, म्हणजे खडकातल्या खनिजांच्या पट्ट्याच्या, रचनेत दडलं आहे. तांब्याची आणि आर्सेनिकची सल्फाइडं, म्हणजे गंधकाबरोबरची संयुगं, खोलवर असतात. शिरेचा वरचा भाग झिरपणाऱ्या पाण्याच्या आणि हवेच्या संपर्कात येऊन कुजतो, मोकळं झालेलं आर्सेनिक ऑक्सिजनशी जोडलं जाऊन आर्सेनेट बनतं आणि समोर येईल त्या धातूला धरतं. बहुतेकदा त्यातून ऑलिव्हनाइटसारखी साधी तांब्याची आर्सेनेटं होतात. लिरोकोनाइटला तांब्याबरोबर ॲल्युमिनियम लागतं आणि भरपूर पाणीही. हा योग क्वचितच जुळतो.

शिवाय हा कुजका पट्टा वरच असल्यामुळे खाणकामगार सगळ्यात आधी तोच खणून काढतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हील गोरलँडमध्ये नेमकं हेच चाललं होतं. कामगारांच्या लेखी तो माल तांब्याचाच, उलट आर्सेनिकमुळे बिघडलेला. त्यातलं किती भट्टीत गेलं असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

वाचलं ते त्या काळच्या संग्राहकांमुळे. मेनाबिलीचे जमीनदार फिलिप रॅशली (१७२९–१८११) कॉर्नवॉलच्या खाणींतले नमुने जमवत होते. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग आज ट्रुरोच्या संग्रहालयात आहे. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे परागंदा होऊन इंग्लंडात आलेले काउंट द बूर्नों यांनी १८०१ मध्ये तांब्याच्या या आर्सेनेटांचे स्फटिक मोजून त्यांची वर्गवारी मांडली. त्याच वर्षी आयरिश रसायनज्ञ रिचर्ड चेनेविक्स यांनी त्यांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. दोन्ही लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातले. एकाने आकार पाहिला, दुसऱ्याने घटक. माझ्या मते लिरोकोनाइटचा शास्त्रीय इतिहास खरा सुरू होतो तो या जोडीपासून. पुढे चेनेविक्सच्या नावावरून एका खनिजाचं नाव 'चेनेविक्साइट' ठेवलं गेलं, तेही याच खाणीतल्या नमुन्यांवरून.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ याला 'लिन्झेनएर्त्स' म्हणत, म्हणजे मसूर-धातुक; चपट्या स्फटिकांना ते शोभतंही. आजचं नाव व्हिल्हेल्म हायडिंगर यांनी १८२५ मध्ये दिलं. ग्रीक 'लेइरोस' म्हणजे फिकट, 'कोनिया' म्हणजे भुकटी. स्फटिक कितीही गडद असला तरी त्याचा कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी भुकटीची रेघ, फिकाच उमटतो. मोहस प्रमाणावर (१ ते १०) कठिनता जेमतेम २ ते २.५, म्हणजे नखानेही ओरखडा पडावा इतकी. त्यामुळे खाणीतून अखंड बाहेर आलेला मोठा स्फटिक म्हणजे नशिबाचीच गोष्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्हील गोरलँड थंडावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोडा काळ पुन्हा काम चाललं, पण वरचा पट्टा केव्हाच संपला होता. जुन्या मातीच्या ढिगांत नंतरच्या हौशी लोकांना मिळाले ते बारीक कण. मोठे स्फटिक १८०० च्या आसपास संग्राहकांच्या कपाटांत गेले तेवढेच.