हवाबदलाचा दर

हवाबदलाचा दर : बंदिस्त जागेत तासाभरात जेवढी बाहेरची हवा येते तिला त्या जागेच्या घनफळाने भागून मिळणारी संख्या. खोली १४४ घनमीटरची असेल आणि ताशी ७२० घनमीटर हवा येत असेल, तर दर ताशी ५. एक्झॉस्ट पंख्यांवर आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत असतो. त्याला ६० ने गुणून खोलीच्या घनफुटांनी भागले की हाच दर मिळतो. १ सीएफएम म्हणजे ताशी सुमारे १.७ घनमीटर.

ताशी एक बदल म्हणजे तासाभरात सगळी जुनी हवा गेली, असा समज सर्वत्र आढळतो; तो चुकीचा आहे. रंगीत पाण्याच्या भरलेल्या बादलीत स्वच्छ पाण्याची धार सोडली, तर बाहेर सांडते ते मिसळलेले पाणी. हवेचेही तसेच होते. हवा नीट मिसळत असेल, तर एका बदलात जुन्या हवेतले ६३ टक्के बाहेर जाते, तीन बदलांत ९५ टक्के. ९९ टक्के जाण्यासाठी ४.६ बदल लागतात : ताशी ६ च्या दराने ४६ मिनिटे, १२ च्या दराने २३. क्षयरुग्णांच्या विलगीकरण खोल्यांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ मध्ये नव्या बांधकामात ताशी १२ बदल सांगितले; या हिशोबाने तिथली ९९ टक्के जुनी हवा २३ मिनिटांत जाते.

मात्र माणसांनी भरलेल्या जागेत हा दर एकटा पुरेसा नसतो. खोलीत किती जण बसले आहेत, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून माणशी सेकंदाला किती लिटर हवा, हे माप आधी धरावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये निवासेतर इमारतींसाठी ते किमान १० लिटर ठरवले. ६ × ८ मीटरचा, ३ मीटर उंचीचा वर्ग घेऊ. ४० जणांसाठी सेकंदाला ४०० लिटर, म्हणजे ताशी १,४४० घनमीटर हवा हवी. घनफळ १४४, म्हणून दर येतो १०. वीसच जण असतील तर ५ पुरतो. छत उंच केले, तर तेवढ्याच हवेत दर घटतो, पण माणसाच्या वाट्याला येणारी हवा तेवढीच राहते.

शिकवणीच्या वातानुकूलित वर्गांत हेच गणित बिघडते. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आणत नाही. दारे-खिडक्या बंद असताना फटींतून ताशी अर्धा बदल होतो असे धरले, तर वरच्याच ४० जणांच्या वर्गात माणशी सेकंदाला अर्धा लिटर हवा मिळते. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतो. या हिशोबाने तासाभरात त्याचे प्रमाण ४,३०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४,३०० भागांच्या, आसपास जाते. बाहेरच्या हवेत ते साधारण ४२० असते. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच राहत्या खोलीसाठी १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. मुलांना दिवसचे दिवस अशा खोलीत बसवणे योग्य नाही.

खिडकीचा उपाय स्वस्त आणि पुष्कळदा पंख्यापेक्षा सरस असतो. समोरासमोरच्या भिंतींत सारख्या आकाराची उघडी खिडकी असेल, तर हवेचा प्रवाह = ०.६ × एका खिडकीच्या उघड्या भागाचे क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग. वारा तिरपा येत असेल, तर ०.६ ऐवजी ०.३ धरतात. दोन्हीकडे एकेक चौरस मीटर उघडे असेल आणि वारा सेकंदाला १ मीटर इतका मंद असेल, तरी वरच्या वर्गात ताशी १५ बदल होतात. एकाच भिंतीत खिडकी असेल, तर यातला थोडाच भाग हाती लागतो. पेरूतील लिमा येथील रुग्णालयांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खिडक्या-दारे उघडी ठेवलेल्या खोल्यांत मध्यक दर ताशी २८ बदल आढळला, म्हणजे निम्मी मोजमापे याहून जास्त आणि निम्मी कमी होती. उंच छतांच्या जुन्या इमारतींत हा मध्यक ४० होता. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात इमारतींमधले अरुंद अंतर, घरात न पोहोचणारा उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. समोरची भिंत वारा अडवत असेल, तर सूत्रातला वेगच शून्याकडे जातो आणि मोठ्या खिडकीचाही फारसा उपयोग होत नाही.

पंख्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप आणि लांब नळी लावली की तो बराच उतरतो. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत यायला वाटही हवी. दाराखाली फट नसलेल्या न्हाणीघरात पंखा नुसताच गरगरतो.

प्रत्यक्षातला दर कार्बन डायॉक्साइड मापकाने काढता येतो. सगळे बाहेर गेल्यावर खोलीतला आकडा किती वेगाने उतरतो, ते पाहायचे. दोन्ही वाचनांतून बाहेरचे प्रमाण वजा करायचे, उरलेल्या आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम (कॅल्क्युलेटरवरचे ln) घ्यायचा आणि त्याला तासांनी भागायचे. २,४२० वरून अर्ध्या तासात १,१६० झाले, तर वाढीव प्रमाण २,००० वरून ७४० वर आले, म्हणजे दर ताशी जवळजवळ २. मोजताना छताचा पंखा चालू ठेवावा, म्हणजे हवा मिसळलेली राहते, आणि मापक खिडकीपासून दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवावा.