हाव किलोत मोजली तर

२६ जुलै २०२० रोजी सेस्ना ४०२सी जातीचं दोन इंजिनांचं विमान ऑस्ट्रेलियातल्या मरीबाहून निघालं, रडार चुकवायला ३००० फुटांच्या आसपास राहून समुद्र ओलांडून गेलं आणि पापुआ न्यू गिनीत पापा लीआ लीआच्या आडबाजूच्या धावपट्टीवरून परत उडताना आपटलं. पुढे ५०० किलोंहून जास्त कोकेन सापडलं. हाव नडली असावी, म्हणजे मालाच्या वजनामुळे विमान उडालं नसावं, असं पोलिसांनी सुचवलं. काही बातम्यांनी 'असावी' गाळलं.

जरा हिशेब मांडू. हे विमान रिकामं साधारण १८५० किलो, उड्डाणाची कमाल मर्यादा ३१०७. टाक्या काठोकाठ भरल्या तर ७८० लिटर पेट्रोल, म्हणजे ५६० किलो. पायलट ८०, माल ५००. बेरीज मर्यादेत बसते! पण मर्यादेत बसलं म्हणजे कुठूनही उडेल असं नाही.

उचल, म्हणजे पंखांना वर ढकलणारं बल, वेगाच्या वर्गावर अवलंबून. वजन १० टक्के वाढलं की लागणाऱ्या वेगाचा वर्गही तेवढाच वाढतो. इंजिनांचा जोर मात्र तोच, म्हणून त्वरण घटतं. धाव म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण; ती २१ टक्क्यांनी लांबते. त्यात ब्रिटिश विमान प्राधिकरणाचे ठोकताळे घाला: ओलं गवत १.३, दोन टक्के चढ १.१, उड्डाणवेगाच्या दशांशाइतका पाठीमागून वारा १.२. यांची बेरीज नाही, गुणाकार करायचा. डांबरी पट्टीवर ६०० मीटर लागत असतील तर आता सुमारे १२४५. (आकडे उदाहरणाचे, त्या पट्टीचे नव्हेत.) पनवती वगैरे शोधायची गरज नाही.

खरी फसगत यानंतर. पंखांचा विस्तार साडेतेरा मीटर. जमिनीपासून सहा-सात मीटरांच्या आत पंखांच्या टोकांशी उठणारे भोवरे जमिनीमुळे दबतात, प्रेरित अवरोध (या भोवऱ्यांमुळे विमानाला मागे खेचणारं बल) घटतो आणि अपुऱ्या वेगातही चाकं सुटतात. पायलटला वाटतं, जमलं. थोडं वर गेलं की अवरोध परत येतो. झाडं समोर दिसतात म्हणून तो नाक आणखी वर ओढतो. आघातकोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो, वेग पडतो, पंख स्टॉल होतात, म्हणजे उचल एकदम घटते. नाक खाली ठेवून वेग भरू देणं हाच उपाय, पण त्यालाही पट्टी शिल्लक लागते.

खुर्च्या काढून पोती मागे रचली तर गुरुत्वमध्यही मागे जातो. ती नीट बांधलेली नसतील तर नाक उचलताच आणखी मागे सरकतात, आणि मग योक (नाक वरखाली करायचा दांडा) पूर्ण पुढे रेटूनही नाक खाली येत नाही.