अवस्था-यंत्रामुळे गुंतागुंत वाढते का?

व्यवसायातील कार्यप्रवाह कोडमध्ये मांडताना ‘फायनाइट स्टेट मशीन’ (अवस्था-यंत्र, म्हणजे ठरावीक अवस्था आणि कोणत्या घटनेने एकीतून दुसरीत जायचे याचे नियम) वापरले की अवस्थांचा स्फोट होतो, म्हणजे त्यांची संख्या आवाक्याबाहेर वाढते, त्यापेक्षा टेबलमध्ये चार बूलियन (हो-नाही) रकाने ठेवणे सोपे, असा समज प्रोग्रॅमर मंडळींत वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

ऑर्डरच्या टेबलात ‘पैसे भरले’, ‘पाठवली’, ‘रद्द’ आणि ‘परतावा दिला’ असे चार हो-नाही रकाने ठेवले, तर 16 जोड्या शक्य होतात आणि त्यांतल्या कित्येक निरर्थक असतात. उदाहरणार्थ, पैसे न भरताच परतावा दिलेली ऑर्डर. म्हणजे स्फोट आधीच झालेला असतो, फक्त तो कोडमधल्या ‘इफ’ अटींच्या जंगलात दिसत नाही. यंत्रात मात्र ‘भरलेली’ या अवस्थेतून ‘पाठवा’ आणि ‘रद्द करा’ एवढ्याच घटना मान्य, हे एका ओळीत लिहिता येते. बाकी सगळ्या घटना तिथेच नाकारल्या जातात.

या समजात तथ्याचा अंशही आहे, हे मान्य केले पाहिजे. पैशांच्या 5 आणि पोचवणीच्या 6 अवस्था एकाच सपाट यंत्रात कोंबल्या, तर 30 जोड्या होतात. परंतु संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये मांडलेल्या ‘स्टेटचार्ट’ या अवस्था-यंत्राच्या विस्तारित रूपात समांतर (एकाच वेळी चालणाऱ्या) आणि अंतर्गत (एकीच्या आत दुसरी) अवस्थांची सोय आहे, त्यामुळे त्याच 30 ऐवजी 5 + 6 अशा 11 अवस्था लिहाव्या लागतात. रक्कम किंवा नगसंख्या या तर अवस्था नव्हेतच. त्या संक्रमणाच्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या, अटीत तपासायच्या असतात.