मुलांचं बंद नाक : पट्टीपासून दुर्बिणीपर्यंत

आषाढ-श्रावणात सिंधुदुर्गातल्या ओपीडीत एक तक्रार हमखास कानावर पडते: "ह्येची सर्दी काय जाना नाय." पोर सहा-सात वर्षांचं, तोंड उघडं, रात्री घोरतं. भिंतींना बुरशी, गाद्यांना ओल, दमट हवेत फोफावणारे धुळीतले सूक्ष्म किडे. ॲलर्जीची सर्दी इथे पाचवीला पुजलेली. पण दरवेळी ती सर्दीच असते असं नाही. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला अडेनॉइड नावाच्या टॉन्सिलसारख्या गाठी असतात. साधारण ३ ते ७ या वयात त्या सर्वात मोठ्या दिसतात, पुढे आपोआप आक्रसतात. आडवं काय आलंय आणि किती, हे ठरवण्याची खटपट दीडशे वर्षं चालू आहे.

१८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी अडेनॉइडचं सविस्तर वर्णन केलं. त्यांचे बरेच रुग्ण ऐकू कमी येतं म्हणून आलेले. टाळूमागे बोट घालून त्यांनी वाढ चाचपली आणि उच्चारांकडेही लक्ष दिलं. ही चाचणी आजही फुकटात होते. मुलाला "मामा" म्हणायला लावा. "बाबा" ऐकू आलं तर नाक मागून बंद असण्याची शंका घ्यावी. (आपण सरसकट 'गेंगाणा' म्हणून मोकळे होतो. टाळू दुभंगलेल्या मुलाचा आवाज नाकातून सुटतो, इथे तो नाकात शिरतच नाही.)

मोजमाप आलं ते १८८९ मध्ये. हॉलंडच्या हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी नाकाखाली गार आरसा धरून श्वासाच्या धुक्याचे डाग पाहिले. १९०१ मध्ये ग्लाट्झेल यांनी आरशाऐवजी खुणा आखलेली धातूची पट्टी आणली. जीभ दाबायची स्टीलची पट्टी नाकाखाली आडवी धरतात, ती याच घराण्यातली. कोकणात मात्र तिचे नखरे फार. जुलैत फ्रिजमधून काढलेली पट्टी मुलाने श्वास सोडण्याआधीच धुरकटते, तर मे महिन्यात तापलेल्या पट्टीवर धुकं धरत नाही. म्हणून डागाचा आकार मोजत बसण्यापेक्षा कोरडी पुसून दोन्ही नाकपुड्यांखाली एकदम धरावी आणि डावी-उजवी ताडून पाहावी. तरी लगेच निकाल देऊ नये: निरोगी नाकातही दोन्ही बाजू काही तासांनी आलटून पालटून चोंदतात, हे कायसर यांनी १८९५ मध्येच नोंदवलंय. एका बाजूला धुकंच नाही आणि तिथूनच घाण वासाचा शेंबूड येतोय, तर आधी चिंचोका, मणी किंवा खडूचा तुकडा शोधावा. बटणासारखा सेल असेल तर काही तासांत आतून भाजतं. तेव्हा उद्यावर ढकलायचं नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. ते मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. शांत असताना निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं, असं दिसलं तर दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळी घशापर्यंत उतरते का ते बघतात.

विसाव्या शतकात यंत्रं आली. दाब आणि हवेचा प्रवाह मोजणारी रायनोमॅनोमेट्री साधारणपणे १५० पास्कल दाबाला आकडा वाचते. लहान मूल तेवढा जोर लावेलच असं नाही, मास्कही ओढून काढतं. नाकाची पोकळी मोजणारी १९८९ ची ध्वनिलहरींची पद्धत सोपी, पण तिथेही क्षणभर स्थिर बसावं लागतं. तालुक्याच्या गावात रुळला तो एक्स-रे. १९७९ मध्ये फुजिओका आणि सहकाऱ्यांनी अडेनॉइड आणि मागची पोकळी यांचं गुणोत्तर मांडलं, तेव्हापासून रिपोर्टात आकडा येऊ लागला. मूल रडत असताना फिल्म काढली तर टाळू वर उचललेली असते आणि चित्र फसवं येतं, हे पालकांना कुणी सांगत नाही. आज कान-नाक-घसा तज्ज्ञांचा भर नाकातून आत घालायच्या बारीक लवचीक दुर्बिणीवर आहे. माझ्या मते पट्टी, "मामा" आणि मोबाइलवर काढलेला झोपेतला व्हिडिओ एवढं झाल्यावरच त्या दुर्बिणीसाठी एसटीचं भाडं खर्चावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, म्हणजे कोकणातच झाली. अंगणवाडी-शाळेत तपासायच्या तिसेक गोष्टींत कानाचा संसर्ग आहे, ऐकू न येणं आहे, दुभंगलेली टाळू आहे. बंद नाक स्वतंत्रपणे नाही. वाढलेल्या अडेनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, मूल वर्गात हाकेला ओ देत नाही आणि मग मायर यांच्या रुग्णांसारखंच कानाच्या तक्रारीवरून नाकाच्या उपचारापर्यंत पोचतं. घसा बघायला पट्टी हातात घेतलेलीच असते. ती आधी नाकाखाली धरायला तपासणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवला तरी पुरे.